प्रेशर कुकर: परदेशात रिसर्च करताना दोन वर्षं वापरून मग लिहितेय

रिव्ह्यू मुद्दाम उशिरा लिहितेय. कुकर नवीन असताना सगळंच भारी वाटतं, रिंग मऊ असते, हँडल घट्ट असतं, तळ आरशासारखा चकचकीत असतो, आणि त्या आठवड्यात टाकलेल्या पाच स्टारवरून पुढच्याला काहीच कळत नाही. माझ्याकडे याला दोन वर्षं झाली, आठवड्यातून चार-पाच वेळा तरी चढतोच, म्हणजे चारशेच्या वर स्वयंपाक झाले याच्यात. एकदा रिंग बदलली, एकदा तळ जाळला, एकदा व्हॉल्व्ह पूर्ण खोलून साफ केला. आता बोलायला हरकत नाही.

कोणासाठी लिहितेय ते आधी सांगते. परदेशात पीएचडी किंवा पोस्टडॉकला आलेले, दिवसभर लॅबमध्ये उभे असणारे, संध्याकाळी सात-साडेसातला खोलीवर येऊन शेअर्ड किचनमध्ये स्वतःपुरतं काहीतरी शिजवणारे, त्यांच्यासाठी. चार-पाच जणांच्या घराला हा लहान पडेल, त्यांनी सहा लिटरच्या पुढचाच बघावा.

तर कुकर असा: स्टीलचा, 4 लिटर, शेगडीवर ठेवायचा, तळाला दोन स्टीलच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा जाड थर (स्टील एकट्याने उष्णता नीट पसरवत नाही म्हणून), इंडक्शनवर चालतो. व्हॉल्व्ह स्प्रिंगचा आहे, वजनाचा नाही, म्हणजे शिट्टी होत नाही. झाकणावर एक छोटी पिन आहे, प्रेशर वाढलं की ती वर येते आणि तिच्यावर दोन रेघा आहेत, पहिली रेघ दिसली की आत साधारण 110 डिग्री, दुसरी दिसली की 117-118 च्या आसपास. वजनाच्या शिट्टीवाल्या कुकरमध्ये 15 पीएसआयपर्यंत प्रेशर जातं आणि पाणी 121 डिग्रीपर्यंत पोचतं, त्यामानाने हा थोडा मवाळ आहे, शिजायला दोन-तीन मिनिटं जास्त घेतो. ज्यांना शिट्ट्या मोजायची सवय आहे त्यांना पहिला महिना चुकल्यासारखं वाटेल, मलाही वाटलं. पण शिट्टी हे काही टायमर नाही, शेगडी मोठी असेल तर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात आणि बारीक असेल तर बारा मिनिटांत, त्यामुळे पिन वर आल्यापासून घड्याळ लावायचं हे मला जास्त पटलंय, लॅबमध्येही आपण तसंच करतो.

मला कुकर घ्यावाच लागला त्याचं खरं कारण उंची. मी राहते ती जागा समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर वर आहे आणि तिथे पाणी 95 डिग्रीलाच उकळतं (दर 300 मीटरला साधारण एक डिग्री कमी, असं ढोबळ गणित). पाच डिग्रीने काय फरक पडतो असं वाटतं पण उघड्या भांड्यात राजमा शिजवून बघा, दोन तास झाले तरी मध्ये कण लागतो. मी आल्या आल्या पहिले दोन महिने हेच करत होते, रात्री दहाला जेवत होते आणि दोष राजम्याला देत होते.

आता मूळ मुद्दा. जेवण पटकन होतं हे सगळ्याच कुकरचं कौतुक आहे, त्यासाठी एवढं लिहिलं नसतं. मला हा कुकर आवडतो तो त्यातल्या पंचवीस मिनिटांसाठी. पिन वर आली, आच कमी केली, की पुढची पंचवीस मिनिटं झाकण उघडता येत नाही, ढवळता येत नाही, चव बघता येत नाही, आणि किचन सोडूनही जाता येत नाही कारण आच जरा कमी-जास्त करत राहायला लागतं. हात मोकळे, पण पाय बांधलेले. माझ्या सगळ्या दिवसात अशी वेळ दुसरी कुठलीच नाही. लॅबमध्ये सतत काहीतरी हातात असतं, बसमध्ये फोन असतो, खोलीत लॅपटॉप असतो. इथे मी फोन खोलीतच ठेवून येते आणि सिंकपाशी टेकून त्या पिनकडे बघत उभी राहते, आणि दिवसभराचा एक्सपेरिमेंट आपोआप डोक्यात परत फिरायला लागतो.

याची तुलना म्हणून सांगते, मध्ये एक महिना फ्लॅटमेटचा इलेक्ट्रिक मल्टिकुकर वापरला. जेवण उत्तम, तक्रार शून्य, बटण दाबलं की झालं. पण बटण दाबलं की मी खोलीत जाऊन पेपर वाचायला बसायचे, बीप झाली की उठून यायचे, महिनाभर किचनमध्ये मला एकही विचार सुचला नाही. मानसशास्त्रात यावर बराच अभ्यास झालाय, प्रॉब्लेम बाजूला ठेवल्यावर तो सुटायला मदत होते का यावर. 2009 साली सियो आणि ऑर्मरॉड या दोघांनी अशा 117 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात एक गोष्ट मला फार ओळखीची वाटली: काही प्रकारच्या कोड्यांत नुसतं स्वस्थ बसण्यापेक्षा किंवा डोकं खाणारं दुसरं काम करण्यापेक्षा हलकंसं, फार लक्ष न मागणारं काम करत राहिलं तर फायदा जास्त दिसला. कुकरकडे लक्ष ठेवणं हे अगदी तेवढंच काम आहे. पेपर वाचणं म्हणजे डोकं खाणारं दुसरं काम.

आणि अजून एक, हे परदेशात राहणाऱ्यालाच कळेल. दिवसभर मी इंग्रजीत बोलते, इंग्रजीत लिहिते, ग्रुप मीटिंगमध्ये तर विचारही इंग्रजीत करते कारण मधे भाषांतर करायला वेळ नसतो. तिथे माझी वाक्यं नीटनेटकी असतात पण जरा आखडलेली असतात, जे बोलता येईल तेवढंच मी विचारात घेते. किचनमध्ये आलं की आतला आवाज मराठीत बोलायला लागतो. "अगं पण मग हे उगवतंय कुठून?" असा साधा प्रश्न मी मीटिंगमध्ये कधीच विचारला नसता, तिथे मी 'पॉसिबल सोर्सेस ऑफ कंटॅमिनेशन' अशी स्लाइड केली असती. साधा प्रश्न विचारला तेव्हाच उत्तर मिळालं, ते पुढे सांगते.

मी मायक्रोबायॉलॉजीत आहे. आल्यानंतर पाचव्या महिन्यात माझ्या प्लेट्स खराब यायला लागल्या. म्हणजे काहीही न टाकलेली, नुसती आगरची (जंतू वाढवायच्या जेलीची) प्लेट, जी कंट्रोल म्हणून ठेवतात आणि जिच्यावर काहीच उगवायला नको, तिच्यावर दोन दिवसांत कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके. एखादी नाही, सात-आठ. तीन आठवडे हे चाललं. सगळ्यांचं एकच मत पडलं की माझा हात बसलेला नाही, टेक्निक सुधारायला हवं. सीनियरने मला प्लेट ओतायला परत पहिल्यापासून शिकवलं, फ्लेमजवळ हात कसा ठेवायचा, झाकण किती उघडायचं, आणि मी मान हलवत राहिले. दहा वर्षं प्लेट ओततेय मी. पण नवीन देश, नवीन लॅब, कॉन्ट्रॅक्ट ठरावीक मुदतीचं, अशा वेळी मशीनवर बोट ठेवायची हिंमत होत नाही, आपलंच चुकत असणार असं धरून चालतो. त्या दिवसांत रोज रात्री घरी फोन व्हायचा आणि मी "मस्त चाललंय" म्हणायचे.

त्या शनिवारी कुकरमध्ये राजमा नव्हता, बटाटे होते. लहान लहान सहा-सात आणि एक चांगला मुठीपेक्षा मोठा, तो कापायचा कंटाळा केला आणि तसाच टाकला. पिन वर आल्यापासून आठ मिनिटं. झाकण उघडलं तर लहान बटाटे इतके शिजलेले की चमच्याला फुटत होते. मोठा वरून तसाच दिसत होता, साल तडकलेली, सुरी टेकवली तर बाहेरचं बोटभर मऊ मऊ गेली आणि मग टक्क करून अडकली. मधोमध कापला. बाहेरून पिवळट, ओलसर, चमकणारा थर आणि बरोब्बर मध्ये रुपयाएवढी पांढरी, कोरडी, खडूसारखी गोल चकती. कच्ची. एकाच कुकरमध्ये, एकाच वाफेत, तीच आठ मिनिटं.

मी ती चकती बघत उभी राहिले आणि मला दोन लिटरची बाटली आठवली.

झालं असं होतं की ऑटोक्लेव्हचे (दाबाखालच्या वाफेने सगळं निर्जंतुक करणारं लॅबमधलं मशीन) स्लॉट मिळायची मारामार होती, म्हणून त्याच महिन्यात मी अर्ध्या लिटरच्या बाटल्या सोडून मीडिया, म्हणजे जंतूंचं खाद्य, दोन लिटरच्या बाटलीत करायला लागले होते. सायकल तीच, 121 डिग्री, 20 मिनिटं. पण त्या मशीनचा सेन्सर चेंबरच्या ड्रेनपाशी आहे, त्याला 121 कळतं ते वाफेचं, बाटलीच्या पोटातलं नाही. वाफ 121 ला पोचली की टायमर सुरू, आणि दोन लिटर द्रवाच्या मधल्या भागाला तिथवर पोचायलाच तेवढी मिनिटं लागतात. मग बाहेर काढल्यावर कळलं कसं नाही? कारण आगर 85 डिग्रीच्या आसपासच वितळतो, बाटली छान वितळलेली, स्वच्छ, गरम दिसते. साल तडकलेल्या बटाट्यासारखीच.

आणि मग दुसरी गोष्ट जुळली, जी तीन आठवडे डोळ्यांसमोर होती. माझ्या प्लेटवरच्या सगळ्या कॉलनी एकाच जातीच्या दिसत होत्या, कोरड्या, सुरकुतलेल्या, पसरट, कडा वेड्यावाकड्या, म्हणजे बॅसिलस नावाच्या बॅक्टेरियासारख्या, उष्णतेत टिकणारे बीजाणू करणाऱ्या. हात वाईट असता तर सगळं मिसळून आलं असतं, त्वचेवरचे गोल पिवळे-पांढरे ठिपके, एखादी बुरशी, काहीही. फक्त बीजाणूवालेच उगवतायत याचा अर्थ बाकी सगळं मेलंय आणि जे उष्णतेला सगळ्यात चिवट तेवढंच वाचलंय. हे हवेतून नंतर पडलेलं नाही, हे आतच होतं. "हे उगवतंय कुठून" याचं उत्तर ते होतं. बटाटा मी तसाच खाल्ला, कच्चा भाग काढून, आणि रात्रभर झोपले नाही.

सोमवारी कोणाला न सांगता साधी टेस्ट लावली. ऑटोक्लेव्ह तपासायला बीजाणूंच्या अँप्यूल (छोट्या बंद कुप्या) मिळतात, जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या बॅक्टेरियाच्या, आत जांभळा द्रव असतो, बीजाणू जिवंत राहिले तर 55-60 डिग्रीला ठेवल्यावर ते वाढतात, आम्ल तयार होतं आणि रंग पिवळा होतो. एक अँप्यूल दोऱ्याने दोन लिटर पाण्याच्या बाटलीत मधोमध लोंबकळत सोडली, दुसरी बाटलीच्या शेजारी शेल्फवर ठेवली, नेहमीची 20 मिनिटांची सायकल मारली. मंगळवारी सकाळी शेल्फवरची जांभळी आणि बाटलीतली पिवळीधमक. मी त्या दोन्ही हातात धरून सीनियरच्या टेबलापाशी गेले आणि मला काही बोलावंच लागलं नाही. मग 45 मिनिटांची सायकल लावून बघितली, दोन्ही जांभळ्या राहिल्या. पण तेवढा वेळ लावला की मीडिया तपकिरी होतो, ग्लुकोज आणि अमिनो आम्लांची रिअ‍ॅक्शन, कांदा परतताना होते तीच, 1912 साली मायार या फ्रेंच माणसाने पहिल्यांदा मांडलेली. म्हणून शेवटी आम्ही परत अर्ध्या लिटरच्या बाटल्यांवर आलो आणि ग्लुकोज वेगळं करून नंतर मिसळायला लागलो. कंट्रोल प्लेट त्यानंतर कोऱ्या येतात.

आता कोणी म्हणेल हे तर पुस्तकात आहे, मोठ्या व्हॉल्यूमला जास्त वेळ द्यायचा. आहेच. मलाही माहीत होतं, परीक्षेत लिहिलंसुद्धा असेल. पण माहीत असणं आणि योग्य दिवशी आठवणं यात मोठं अंतर आहे आणि माझ्यापुरतं ते अंतर त्या सुरीच्या टक्क आवाजाने भरून काढलं.

ऑटोक्लेव्ह आणि कुकर ही एकाच घरातली भावंडं आहेत हे तोवर माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मग रोज रात्री थोडं थोडं वाचत गेले. पाश्चरसोबत काम करणाऱ्या शार्ल शाँबरलाँने ऑटोक्लेव्ह बनवला 1879 साली, आणि त्याच्या बरोबर दोनशे वर्षं आधी, 1679 मध्ये, दनी पापँने लंडनला पहिला कुकर बनवला, ज्याला तो 'डायजेस्टर' म्हणायचा. पापँबद्दल मला लिहायलाच हवं. हा फ्रान्समधल्या ब्लवाचा, जन्म 1647, शिकला वैद्यकी आणि रमला भौतिकशास्त्रात. पॅरिसला हायगेन्स या डच शास्त्रज्ञाच्या हाताखाली होता, मग 1675 मध्ये लंडनला गेला आणि रॉबर्ट बॉइलसोबत हवेच्या पंपावर काम केलं, मग काही वर्षं व्हेनिस, परत लंडन, मग जर्मनीत मारबुर्गला प्रोफेसर, मग कासेल. प्रोटेस्टंट होता, 1685 मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांना संरक्षण देणारा कायदाच रद्द केला, त्यामुळे मायदेशी परतायचा प्रश्नच मिटला. म्हणजे सगळं आयुष्य एका कॉन्ट्रॅक्टवरून दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टवर, परक्या गावांत, परक्या भाषांत. 12 एप्रिल 1682 ला रॉयल सोसायटीच्या (लंडनमधली शास्त्रज्ञांची संस्था) काही सदस्यांनी पापँच्या भांड्यांमध्ये शिजवलेलं रात्रीचं जेवण घेतलं, जॉन एव्हलिन या इंग्रज लेखकाने ते रोजनिशीत टिपून ठेवलंय, कडकातली कडक हाडं चीजसारखी मऊ झाली होती म्हणे आणि कोळसा अगदी मूठभर लागला होता.

भांडं फुटू नये म्हणून पापँने त्यावर वजन लटकवलेल्या दांडीचा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. पुढे 1690 मध्ये त्याने वाफेने पिस्टन हलवायची कल्पना मांडली, जिथून स्टीम इंजिनची वाट सुरू होते. मला इथे ठामपणे वाटतं की हे दोन वेगळे शोध नाहीतच, ज्याने झाकण उचलू पाहणारी वाफ रोज बघितली त्यालाच पिस्टन सुचणार. 1707 मध्ये तो परत लंडनला आला, तोवर ओळखीचे लोक राहिले नव्हते, कामाचे पैसे मिळेनात. त्याचं शेवटचं माहीत असलेलं पत्र 1712 चं आहे. माझ्या कुकरची पिन वर येते तेव्हा मला हा माणूस आठवतो, दरवेळी नाही, पण आठवतो.

आता वापराचं. हवा बाहेर पडू द्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीला व्हॉल्व्हमधून फसफस करत जे येतं ती नुसती वाफ नसते, आतली हवा असते. काही मॉडेलमध्ये झडप स्वतः ठरवते, काहींत आपल्याला मिनिट-दोन मिनिटं वाट बघावी लागते. हवा आत अडकली तर प्रेशर तेवढंच दिसेल पण तापमान कमी राहील, कारण प्रेशरमधला काही वाटा हवेचा असतो. ऑटोक्लेव्हमध्ये याच कारणाने लोड फुकट जातात.

कडधान्य अर्ध्याच्या वर भरू नका, बाकी काही असेल तर दोन तृतीयांश. कडधान्याचा फेस वर येऊन व्हॉल्व्हमध्ये जातो, मी एकदा भरपूर भरला होता आणि पिन अर्ध्यात चिकटून बसली, तेव्हा सगळं खोलून साफ करावं लागलं. शिजल्यावर लगेच वाफ सोडू नका, प्रेशर आपोआप उतरू द्या. घाई केली की आतलं पाणी एकदम उसळतं आणि राजम्याची सालं फाटतात. लॅबमध्ये द्रवांची सायकल वेगळी का असते, वाफ हळू का सोडतात, ते याच्यामुळेच.

राजम्यावर दोन वाक्यं जास्त लिहिते कारण हे जिवावरचं आहे, गंमत नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक विषारी प्रथिन) असतं, चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाब करायला पुरतात. ते जातं ते भिजवून, पाणी फेकून, चांगलं खळखळून उकळल्यावर, अमेरिकेची एफडीए (अन्न आणि औषध प्रशासन) 30 मिनिटं उकळायला सांगते. स्लो कुकरमध्ये लो वर ठेवलेला राजमा नीट तापतच नाही, आणि 80 डिग्रीच्या आसपास अर्धवट गरम केलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट असू शकतो. आमच्या किचनमध्ये एक नवीन मुलगा सकाळी स्लो कुकरमध्ये कोरडा राजमा टाकून लॅबला निघाला होता, त्याला दारातून परत बोलावलं. भिजवताना पाण्यात थोडं मीठ टाका, मिठाने दाणे कडक होतात हा गैरसमज आहे, उलट सालातल्या पेक्टिनला धरून ठेवणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हटतं आणि साल मऊ होते. पाणी जड असेल तर हा फरक फारच जाणवतो, मी तीन वाट्यांमध्ये वेगवेगळं भिजवून बघितलंय.

आता तक्रारी. हँडलचा स्क्रू दर दोन महिन्यांनी ढिला होतो, स्क्रूड्रायव्हर किचनमध्येच ठेवायचा. रिंगला वास धरतो, म्हणून धुतल्यावर रिंग काढून ठेवा आणि झाकण उलटं टाकून ठेवा, बंद करून ठेवलात तर आठवड्यात कुबट वास येईल. रिंग साधारण दीड वर्षाने सैल झाली, कडेने वाफ यायला लागली. कंपनीला कळवलं तर पहिल्यांदा चुकीच्या मापाची आली, परत पाठवली, पुन्हा फोटो मागितले, मॉडेल नंबर मागितला जो तळावर कोरलेला असतो आणि तोवर घासून घासून पुसट झाला होता, या सगळ्यात तीन आठवडे गेले. त्यामुळे कुकर घेतानाच एक जास्तीची रिंग घ्या आणि मॉडेल नंबरचा फोटो काढून ठेवा. तीन आठवडे किचनमध्ये उभं राहायचं कारणच नव्हतं, सँडविच खाऊन लॅपटॉपवर बसत होते, आणि तेवढ्या दिवसांच्या माझ्या वहीत फक्त आकडे आहेत, एकही प्रश्न नाही.

कॉइलच्या शेगडीवर अजून एक त्रास, आच कमी केली तरी कॉइल लवकर थंड होत नाही आणि प्रेशर वर चढत राहतं. पिन दुसऱ्या रेघेला टेकायच्या आधीच कुकर शेजारच्या बारीक आचेच्या कॉइलवर सरकवायचा, म्हणजे दोन कॉइल लागतात, आणि शेअर्ड किचनमध्ये आठ वाजता दोन कॉइल मिळणं सोपं नाही. इंडक्शनवर हा प्रश्न नाही, पण तिथे सुरुवातीपासून फुल पॉवर दिली तर तळ पकडतो, विशेषतः टोमॅटोची दाट ग्रेव्ही असेल तर. माझा तळ जळला तो तसाच, एका पेपरच्या रिव्हिजनची डेडलाइन होती, मी नियम मोडून लॅपटॉप किचनमध्ये आणला आणि करपल्याचा वास आला तेव्हा रिव्ह्यूअरला उत्तर नंबर चार लिहीत होते. बेकिंग सोडा आणि गरम पाणी रात्रभर ठेवून निघाला, निळसर डाग अजून आहे. लॅपटॉप त्यानंतर किचनमध्ये आणलेला नाही.

एक कळकळीची विनंती, हे मी प्रत्यक्ष बघितलंय म्हणून लिहिते. छोट्या लॅबमध्ये ऑटोक्लेव्ह बंद पडला की घरचा कुकर आणून मीडिया करतात, करा, चालतो, पण तो कुकर मग लॅबचाच. परत घरी नेऊन त्यात भात लावू नका. कितीही धुतला तरी नाही.

स्टार द्यायचे तर चार. एक कापला तो रिंगसाठी आणि त्या स्क्रूसाठी. ज्यांना स्वयंपाक हे फक्त उरकायचं काम आहे त्यांनी इलेक्ट्रिकच घ्यावा, खरंच, तो जास्त सोयीचा आहे, जास्त सुरक्षित आहे आणि तुम्ही तिथे नसलात तरी चालतं. ज्यांचा एक्सपेरिमेंट अडकलाय आणि संध्याकाळी त्याबद्दल बोलायला जवळ कोणी नाही, त्यांना मी हाच सांगेन. मी आता शेगडीशेजारी एक पेन्सिल आणि पाठकोरे कागद ठेवते, ओल्या हाताने लिहिलेलं पुसत नाही म्हणून पेन्सिल. पंचवीस मिनिटांत कधी एक ओळ होते, कधी काहीच नाही.

माझं कॉन्ट्रॅक्ट दोन महिन्यांत संपतंय, सामानाच्या वजनात कुकर बसत नाही. स्लो कुकरमध्ये राजमा टाकून निघालेल्या त्या मुलाला देणार आहे. नवीन रिंग घालून ठेवलीये, स्क्रू आवळलाय, आणि झाकणावर लॅबमध्ये बाटल्यांना लावतो तसा टेप लावून मार्करने लिहिलंय: रिंग बदलल्याची तारीख, कडधान्य अर्ध्यापर्यंत, मोठा बटाटा कापून टाकणे.